लेझरच्या दोन सत्रांमध्ये थ्रेडिंग चालते का?

प्रश्न: हनुवटीवरचे केस काढण्याच्या लेझरचे दुसरे सत्र होऊन १० दिवस झाले आहेत आणि काळ्या टिंबांसारखे खुंट वर आले आहेत, पुढच्या सत्रापर्यंत थ्रेडिंग केले तर चालेल का?

उत्तर: कृपया करू नका. केसातले मेलॅनिन (केसाला रंग देणारे द्रव्य) लेझरचा प्रकाश शोषून घेते आणि त्या उष्णतेने मूळ निकामी होते. दोऱ्याने केस मुळासकट उपटला, तर पुढच्या वेळी लेझरला लक्ष्यच उरत नाही. हे खुंट बहुधा गळण्याच्या बेतात असलेले केस आहेत. फारच खटकले तर रेझर फिरवा, त्याने केस दाट होत नाहीत.

उत्तर: लेझरनंतर मी उन्हाकडे दुर्लक्ष केले आणि गालावरचा तपकिरी डाग जायला ५ महिने लागले, म्हणून कळकळीने सांगते, एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचे माप) ३० किंवा त्याहून अधिकचे सनस्क्रीन रोज लावा आणि ब्लीच, लिंबाचे लेप सध्या टाळा.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार, उद्याचे थ्रेडिंग रद्द केले.