बोत्स्वाना की झांबिया?

‘बोत्स्वानाचं दरडोई उत्पन्न झांबियाच्या कितीतरी पट, मग तुलना कसली?’ राहायला आफ्रिकेतल्या या दोन देशांपैकी कोणता बरा, या वादातलं हे म्हणणं अर्धंच पटलं. 1966 साली स्वातंत्र्य मिळालं तेव्हा बोत्स्वानात डांबरी रस्ता जेमतेम 12 किलोमीटर होता. शेजारचा झांबिया तांब्याच्या जोरावर तेव्हा श्रीमंत! पुढे 1967 मध्ये ओरापाला हिरे सापडले आणि तो पैसा बोत्स्वानाने शाळा, दवाखाने, रस्ते यांवर घातला. एड्सने देश पोखरला तेव्हा 2002 पासून सरकारने औषधं फुकट दिली. झांबियाचं मात्र 1975 च्या सुमारास तांब्याचे भाव कोसळल्यावर कर्जाशी जे नातं जुळलं ते सुटेना, 2020 मध्ये पुन्हा हप्ते थकलेच. 2024 च्या दुष्काळात वीज पुरवणारं करिबा धरण आटलं आणि राजधानी लुसाकात दिवसाचे बहुतेक तास वीज गायब. दुकानांपुढे जनरेटरची धडधड, घरी न्शिमा (मक्याच्या पिठाचं रोजचं जेवण) कोळशाच्या शेगडीवर.

पण सरासरी फसवी असते. बोत्स्वानातली विषमता जगातल्या सर्वांत तीव्र विषमतांपैकी एक आहे, तरुणांना नोकऱ्या नाहीत, आणि आता हिऱ्यांनाच गिऱ्हाईक कमी. वैयक्तिक विचाराल तर आजारी पडायला मी बोत्स्वानाच निवडेन. छोटा धंदा टाकायचा असेल तर लुसाका, कारण गिऱ्हाईक तिकडे जास्त!