मुलीला मझललोडरचं एल्क लायसन्स लागलंय, कुणी लहान मुलांना घेऊन गेलंय का?

सातारची_डेन्व्हरात

नमस्कार मंडळी. लेक तेरा वर्षांची. मैत्रिणीच्या घरचे सगळे शिकारी, त्यांच्या नादाने हिने हंटर एज्युकेशनचा कोर्स केला आणि एप्रिलमध्ये लायसन्सच्या ड्रॉला (सोडतीला) अर्जही टाकला. आता निकाल आला: एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) मादीचं लायसन्स, मझललोडर सीझन! आमच्या घरात उंदीर निघाला तरी माणूस बोलवावा लागतो.

मैत्रिणीचे वडील सोबत न्यायला तयार आहेत, नवराही जाईन म्हणतोय. ती तोंडाकडून भरायची बंदूक हिला झेपेल का? धक्का किती बसतो? आणि जनावर पडलंच तर पुढे काय? नेटवर जो तो मोठ्या शिंगांशेजारी बसून फोटो काढतोय, पोरांना नेल्याचं कुणी नीट लिहीत नाही.

रानवाट्या

ताई, अगदी वेळेवर विचारलंत. गेल्या सप्टेंबरात मी भाच्याला नेलं होतं, चौदा वर्षांचा. त्याच्याकडेही मादीचंच लायसन्स. जागा कोलोरॅडोतल्या मीकर गावाच्या पूर्वेला, फ्लॅट टॉप्सचा डोंगरपट्टा, उंची दहा हजार फुटांच्या आसपास. नेमका ओढा विचारू नका, सख्ख्या मेहुण्यालाही सांगितलेला नाही.

आधी बंदूक. आपल्याकडची ठासणीची बंदूक ती हीच, फक्त नव्या घडणीची. एल्कसाठी कोलोरॅडोत .५० पेक्षा लहान कॅलिबर चालत नाही. या सीझनमध्ये दुर्बीण लावायची नाही, दारूच्या तयार वड्या नाहीत, प्लास्टिकच्या सॅबोतली (वेष्टणातली) गोळी नाही. सुटी दारू मापाने ओतायची, वरून शिशाची गोळी गजाने ठासायची. रायफलच्या काडतुसातली बिनधुराची दारू तर चुकूनही नाही, नळी फुटेल. नियमपुस्तक दरवर्षी नव्याने वाचा.

धक्का दारूवर आणि दस्त्यावर अवलंबून. मोठ्या माणसाचा लांब दस्ता पोराच्या खांद्यात नीट बसत नाही, मग ते मान ताणतं आणि धक्का थेट गालाला लागतो. भाच्यासाठी आखूड दस्त्याची बंदूक उसनी आणली आणि दारूचं माप ८० ग्रेनवर ठेवलं. तक्रार नाही. गोळी दारूवर घट्ट टेकली की गज नळीबाहेर जिथवर राहतो, तिथे त्याने आईच्या नेलपॉलिशने लाल रेघ मारली. दारू आणि गोळीत फट राहिली तर नळीला धोका असतो, म्हणून रेघ नळीच्या तोंडाशी येईपर्यंत ठासायचंच.

उन्हाळाभर मी त्याला एकच काम दिलं: कागदी ताटलीवर नेम. जिथवर एकही गोळी ताटलीबाहेर जात नाही, तिथवर तुझी हद्द. त्याची हद्द ७० यार्ड निघाली. हा आकडा त्याचा त्याने काढला होता, आणि पुढे तोच कामाला आला.

सप्टेंबर म्हणजे एल्कचा माजाचा काळ. पहाटे नर शिट्टीसारखे ओरडत असतात, त्या आवाजावरून कळप कुठे आहे ते कळतं. त्या दिवशी उजाडता उजाडता एका कुरणाच्या कडेला नर आणि त्याच्या दहाबारा माद्या दिसल्या. वारा आमच्या तोंडावर, सगळं जुळलेलं. एक मादी आडवी उभी. मी हळूच म्हटलं, "मार." त्याने माशीतून पाहिलं, बंदूक खाली घेतली आणि कुजबुजला, "मामा, ताटलीच्या बाहेर आहे." रेंजफाइंडरने पाहिलं तर ११० यार्ड. मी असतो तर ओढला असता चाप. पण लायसन्स त्याचं, आकडा त्याचा. कळप निवांत चरत झाडीत शिरला.

डोंगरात ऊन चढलं की हवा वर चढते आणि सांज झाली की खाली उतरते. म्हणून दुपारी लांबून वळसा घालून कळप बसला होता त्याच्या वरच्या अंगाला गेलो, म्हणजे आमचा वास त्यांच्याकडे जाणार नाही. स्प्रूसच्या दाटीत बसून राहिलो. आधी वास आला, गोठ्यासारखा, मग फांद्यांचा आवाज. मी तोंडातल्या कॉलने मादीचा बारीक आवाज काढला. एक मादी, मागे पिल्लू नाही, पिवळ्या पडलेल्या ॲस्पेनमधून चालत येऊन पन्नासेक पावलांवर आडवी थांबली. भाच्याने तिपाईवर बंदूक टेकवलेलीच होती. या वेळी मी तोंड बंद ठेवलं.

बार झाला आणि पुढे नुसता पांढरा धूर. लागलं की नाही, काही दिसत नाही. पोरगं धुरातून बाजूला सरकलं, कान देऊन ऐकलं, आणि मी काही बोलायच्या आत पुन्हा दारू मोजायला लागलं. जनावराकडे जायचं ते भरलेल्या बंदुकीनेच, हे त्याला कोर्समध्ये शिकवलेलं. अर्धा तास बसलो. मग गवतावर फिकट गुलाबी, फेसाळ रक्त सापडलं, म्हणजे फुफ्फुस. मादी एका पडलेल्या ओंडक्याच्या पलीकडे होती, संपलेली. त्याने डोक्यावरची नारिंगी टोपी काढली आणि विचारलं, "नमस्कार करायचा का?" म्हटलं कर. दोघांनी केला.

मग टॅगवर सही करून घेतली आणि खरं काम सुरू झालं. एल्कची मादी दोनसव्वादोनशे किलोची असते, उचलून नेण्यातलं जनावर नाही. सप्टेंबरात दुपार गरम, मांडीच्या हाडाशी उष्णता कोंडते आणि मांस तिथूनच बिघडतं. म्हणून कातडं ताबडतोब उतरवायचं, चारी पाय सुटे करून जाळीच्या कापडी पिशव्यांत घालून सावलीत टांगायचे. पाठीची आणि आतली माळ (कण्यालगतचं लांब मांस) काढायची. खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं गुन्हा आहे. मादी असल्याची खूणही मांसाला निसर्गतः चिकटलेली ठेवावी लागते. पहिला मागचा पाय मी सोडवला, दुसरा त्याने, मी फक्त बॅटरी धरली. गाडीशी पोचलो तेव्हा त्याच्या आईचे सतरा मिस्ड कॉल.

तुमच्यासाठी: सोळा वर्षांखालच्या मुलासोबत १८ वर्षांवरचा, हंटर एज्युकेशन झालेला मोठा माणूस लागतो, आणि मूल त्याच्या नजरेच्या नि हाकेच्या टप्प्यात हवं. म्हणजे ते मैत्रिणीचे वडील. नवऱ्याला न्या, पण ओझं वाहायला.

निळाई

मी शाकाहारी नाही, तरी वाचून कसंसंच झालं. तेरा वर्षांच्या मुलीच्या हातून हे कशाला? आपल्याकडे १९७२ पासून बंदी आहे ती उगाच नाही.

भूगोलाची_बाई

@निळाई, कसंसं होणं बरोबरच आहे. पण इथली गोष्ट वेगळी. शंभर वर्षांपूर्वी बेसुमार शिकारीने कोलोरॅडोतला एल्क जवळजवळ संपला होता, वायोमिंगमधून कळप आणून सोडावे लागले. आज या एका राज्यात अडीच लाखांहून जास्त आहेत. त्यामागे लायसन्सचे पैसे आहेत आणि १९३७ च्या कायद्याने वन्यजीवांसाठी राखून ठेवलेला बंदुका-काडतुसांवरचा करही. मी स्वतः कधी बार काढणार नाही, पण मटणाच्या दुकानात रांग लावणाऱ्यांनी या पोराला नावं ठेवू नयेत असं माझं मत.

कुडाळचो_झील

रानवाट्या, मजा आली. आमच्याकडे आजोबांच्या नावावर शेती संरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती, भिंतीला टांगलेली. पावसाळ्यात केप ओली झाली की नुसतीच खट्ट. तिथे दुपारी पाऊस आला तर काय करता?

रानवाट्या

नळीच्या तोंडावर चिकटपट्टी. काढायची गरज नाही, गोळीपुढची हवाच ती उडवते. प्रायमर (ठिणगी देणारी केप) मात्र खिशात कोरडा. तो काढून घेतला की गाडीत ठेवतानाही बंदूक रिकामी धरली जाते, दारू-गोळी आत असली तरी.

एचवनबी_वाला

आमच्यासारख्यांना चालतं का हो हे?

रानवाट्या

व्हिसावाल्यांना बंदूक बाळगायला अमेरिकेच्या केंद्राच्या कायद्याने मनाई आहे, पण चालू शिकार लायसन्स असेल तर त्यातून सूट आहे. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. तरी व्हिसाचा मामला आहे, वकिलाला विचारून मगच हात लावा.

सातारची_डेन्व्हरात

रानवाट्या, खूप आभार. लेकीला वाचून दाखवलं, ताटल्यांचं पाकीट आजच आणायला लावलंय. दस्ता मापून बघतो. शेवटचा प्रश्न: मांसाचं करायचं काय? आमचं मटण म्हणजे तांबडा-पांढरा.

रानवाट्या

आधी डोक्याचा नमुना सीडब्ल्यूडीच्या (हरणांना होणाऱ्या मेंदूच्या रोगाच्या) तपासणीला द्या, निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये. रोग निघाला तर खायचं नाही. एल्कला चरबी जवळपास नसते, त्यामुळे पाठीच्या माळेचा तांबडा करू नका, चामडं होईल. ती तव्यावर, तुपात, आतून गुलाबी असतानाच उतरवायची. नळ्या आणि मान मात्र कुकरला, तांबड्यासाठीच जन्माला आल्यात. तेल नेहमीपेक्षा सढळ.

सातारची_डेन्व्हरात

शिट्ट्या किती?

रानवाट्या

आठ करून उघडून बघा. नसेल शिजलं तर अजून चार.