जुना फुल-फ्रेम घ्यायचा तर निकॉन डी७०० घ्या, ५डी मार्क २ नको

पडदा_वर (धागाकर्ता):

२००८ साली अडीच महिन्यांच्या अंतराने दोन कॅमेरे जाहीर झाले. जुलैत निकॉन डी७००, सप्टेंबरात कॅनन ५डी मार्क २. दोन्ही फुल-फ्रेम, म्हणजे सेन्सर जुन्या ३५ एमएम फिल्मएवढा, आणि दोन्ही तेव्हा हौशी माणसाच्या खिशाबाहेरचे. आता ते जुन्या बाजारात बऱ्या मोबाइलपेक्षा स्वस्तात मिळतात, त्यामुळे दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतं की कुठला घेऊ. उत्तर ठरलेलं असतं: २१ मेगापिक्सेलवाला घे, १२ने काय होतंय! या उत्तराचा मला वीट आलाय.

मी नाटकांचे फोटो काढतो. उजेड आधीच कमी, त्यात प्रकाशयोजनाकाराने सगळं निळ्यात बुडवलेलं, आणि नट काही एका जागी उभा राहत नाही. अशा वेळी मेगापिक्सेलचा विचार सगळ्यात शेवटी येतो. आधी फोकस बसला का ते बघायचं. निकॉनने तेव्हाच्या आपल्या सगळ्यात महागड्या डी३चा सेन्सर डी७००मध्ये घातला आणि ५१ बिंदूंची फोकस यंत्रणाही त्याच घराण्यातली दिली. त्यातले मधले १५ बिंदू क्रॉस-टाइप, म्हणजे उभ्या-आडव्या दोन्ही रेषा पकडणारे. मार्क २मध्ये निवडता येतील असे बिंदू ९, त्यातला क्रॉस-टाइप एकटा मधला. ही व्यवस्था २००५च्या पहिल्या ५डीचीच. अंधारात बाजूच्या बिंदूंवर भरवसा नाही, म्हणून मधल्या बिंदूने फोकस करायचा आणि मग फ्रेम सरकवायची. एफ १.८ला, म्हणजे फोकसमध्ये अगदी पातळ थर येतो तेव्हा, हे करा, डोळे सुटतात आणि कान शार्प येतो.

दुसरं म्हणजे काळोख. चेहऱ्यावर स्पॉट, बाकी रंगमंच काळा. एक्स्पोजर चेहऱ्याचं धरलं आणि नंतर संगणकावर सावल्या उचलल्या, की मार्क २च्या फाइलमध्ये पट्टे उमटतात. डी७००मध्ये दाणे दिसतात. दाणे मला चालतात. काळ्या पडद्यावर पट्टे नाही चालत.

शिवाय डी७००च्या बॉडीत फोकसची मोटर आहे, त्यामुळे ८५ एमएम १.८डी किंवा ८०-२०० २.८डी अशा जुन्या, स्वस्त, दणकट लेन्स ऑटोफोकससकट चालतात.

मार्क २ वाईट आहे असं नाही. तो स्थिर गोष्टींचा कॅमेरा आहे. देवळं काढा, डोंगर काढा, ताटातली पुरणपोळी काढा.

घाटवाट:

"डोंगर काढा" हे असं लिहिलंय, जणू ते रविवारी दुपारी जेवण झाल्यावर करायचं काम आहे.

हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या धारेवर उभं राहून खालची दरी काढा आणि मग ती भिंतीवर लावायला छापा. डी७००ची फाइल ४२५६ बाय २८३२. इंचाला ३०० ठिपके धरले तर १४ बाय साडेनऊ इंचांत संपली. मार्क २ची ५६१६ बाय ३७४४, म्हणजे पावणेएकोणीस बाय साडेबारा. कड्यातले थर, कपारीतलं गवत, खालच्या वाडीतली कौलं याच जास्तीच्या पिक्सेलांत असतात. १२ मेगापिक्सेल "पुरतात" म्हणणारे बहुतेक जण फोटो मोबाइलवर बघतात.

वजनाचंही बघा. रिकामी बॉडी मार्क २ची ८१० ग्रॅम, डी७००ची ९९५. फरक दोनशेच्या आतला आहे, पण पाठीवर पाणी, तंबू आणि ट्रायपॉड असताना तो कळतो. डी७००चा मूळ आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनक्षमता) २००, मार्क २चा १००. पावसाळ्यात धबधब्याचं पाणी दुधासारखं करायचं तर तिथेही एका स्टॉपचा, म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडं ठेवायचा, फायदा.

आणि जुन्या लेन्सचा मुद्दा तुमच्यावरच उलटतोय. निकॉनच्या माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ४६.५ मिलिमीटर, कॅननचं ४४. त्यामुळे मधे पातळ रिंग घालून निकॉनच्या जुन्या मॅन्युअल लेन्स कॅननवर बसतात आणि अनंतापर्यंत फोकसही होतात. उलट करायला जागाच नाही. ट्रायपॉडवर ऑटोफोकस कुणाला हवाय? मी निकॉनच्या काचा कॅननवर लावून फिरतो, दोन्हीकडचं खातो.

पडदा_वर:

डोंगर पळून जात नाही. चार फ्रेम काढून जोडा, तीस-पस्तीस मेगापिक्सेल होतील.

घाटवाट:

डोंगर नाही पळत, ढग पळतात. पाती हलतात. जोडलेल्या फोटोत एकाच झाडाला दोन शेंडे आलेले तुम्ही बघितले नसतील, कारण तुमचं झाड नेपथ्यातलं असतं.

विंगेतला:

मी गेली कित्येक वर्षं नाटकांचं लाइट ऑपरेट करतो, तेव्हा एक प्रश्न विचारतो. धागाकर्ते फोटो काढत असताना प्रेक्षक कुठे बघत असतात?

फोटो काढताना डी७००च्या आतला आरसा उडाला की शेवटच्या रांगेला कळतं. त्यात शांत मोड नावाची गोष्टच नाही. नट थांबलाय, सभागृहात कुणी खोकतसुद्धा नाही, आणि डावीकडून खटॅक. मग एका खटॅकवर भागत नाही, लागोपाठ चार. मार्क २मध्ये लाइव्ह व्ह्यूत, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून काढताना, सायलेंट शूटिंग आहे. आरसा आधीच वर असतो, एक्स्पोजरची सुरुवात इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होते. अगदी मूक नाही, पण शेजारच्यालाच ऐकू येईल इतपत. नाटकासाठी डी७०० सुचवणाऱ्याने हे सांगायला हवं होतं.

पडदा_वर:

प्रयोग चालू असताना मी कॅमेरा काढतच नाही. रंगीत तालमीला काढतो. तिथे वेषभूषा असते, लाइट असतात, नेपथ्य असतं आणि तिकीट काढून बसलेलं कुणी नसतं. तिथे हवं तिथे फिरता येतं, दुसऱ्या विंगेत जाता येतं. आणि लाइव्ह व्ह्यूत मार्क २चा ऑटोफोकस मागेपुढे चाचपडत बसतो. तेवढ्यात नटाचं वाक्य संपून टाळी पडलेली असते.

विंगेतला:

रंगीत तालमीला लाइट "असतात" हे तुमचं मत. आम्ही त्या रात्री अजून लेव्हल बदलत असतो. खरे लाइट तिसऱ्या-चौथ्या प्रयोगाला बसतात.

लाइव्ह व्ह्यूत ऑटोफोकस वापरायचाच नाही. मधल्या रांगेत एका जागी बसा, स्क्रीनवर १० पट मोठं करून हाताने फोकस करा, एफ ४ ठेवा. त्या अंतरावरून पात्र एक पाऊल पुढेमागे झालं तरी निभावतं. नाटक पाठ असेल तर कोण कधी कुठे येणार हे आधीच ठाऊक असतं. नसेल पाठ, तर तो कॅमेऱ्याचा प्रश्न नाही.

चित्रबलाक:

"हलणारं ते निकॉनचं, स्थिर ते कॅननचं" ही वाटणी ऐकायला छान वाटते, भिगवणला ती टिकत नाही.

उजनीच्या फुगवट्यावर होडीतून रोहित पक्ष्यांचा थवा उडताना काढायचा असेल तर डी७०० खरंच बरा. नुसती बॉडी सेकंदाला ५ फ्रेम देते, मार्क २ची ३.९. एमबी-डी१० ग्रिप (बॉडीखाली लावायची बॅटरीची पकड) लावली की डी७००चा वेग ८ होतो. मात्र ग्रिपमध्ये ईएन-ईएल४एची मोठी बॅटरी किंवा आठ पेन्सिल सेल हवेत, नेहमीची बॅटरी घालून ८ मिळत नाहीत. विक्रेते हे सांगत नाहीत.

पण एकटा नदी सुरय घ्या. ३०० एमएमने तो फ्रेमच्या मधे एवढासा दिसतो, म्हणजे क्रॉप करणं, कडा कापून टाकणं, आलंच. डी७००ची फ्रेम दीडपट क्रॉप केली की हातात सुमारे ५.४ मेगापिक्सेल उरतात. मार्क २मधून तेवढाच भाग कापला तर सव्वानऊच्या वर. म्हणजे त्या उत्तम फोकस यंत्रणेने मला काय दिलं? अचूक फोकस झालेला ठिपका.

पक्ष्यांसाठी दोन्ही नकोत. २००९चा कॅनन ७डी बघा: १८ मेगापिक्सेलचा क्रॉप (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सर, ८ फ्रेम, फोकसचे १९ बिंदू आणि सगळे क्रॉस-टाइप. किंवा निकॉनचा डी३००एस. दोन्हींना फुल-फ्रेमचं नाव नाही, म्हणून धाग्यांत कुणी त्यांचं नाव घेत नाही. आयएसओ १६००च्या पुढे ७डी दाणेदार होतो हे मान्य, पण पक्षी सकाळच्या उन्हात काढायचे असतात.

मांडवातला:

लग्नं हा माझा धंदा आहे, त्यामुळे थोडं कडू बोलतो. आजच्या तारखेला मुख्य कॅमेरा म्हणून दोन्ही बाद. कारण फोकस नाही, मेगापिक्सेलही नाही. दोन्हींत सीएफ (जुन्या पद्धतीच्या मेमरी) कार्डाचा एकच खाचा आहे. अंतरपाट एकदाच धरतात. कार्ड गेलं तर मुलीच्या बापाला काय सांगू, दाणे कमी होते म्हणून?

दुसरी बॉडी म्हणून विचाराल तर माझं मत मार्क २ला. आमच्याकडे अल्बमचं उघडलेलं पान १२ बाय ३६ इंचांचं असतं. जोडप्याचा एक फोटो पूर्ण पानभर पसरला की डी७००चे इंचाला ११८ पिक्सेल पडतात, मार्क २चे १५६. दोन्ही ३००पासून लांबच, पण शालूच्या बुट्टीत फरक दिसतो आणि सासूबाई अल्बम नाकाला लावून बघतात.

व्हिडिओचं तर धागाकर्त्याने नावही काढलेलं नाही. डी७००मध्ये व्हिडिओ नाहीच. मार्क २मध्ये फुल एचडी आहे, आणि मार्च २०१०च्या फर्मवेअरपासून (कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरपासून) २४ आणि २५ फ्रेमचा पर्याय, शिवाय आवाजाची पातळी हाताने ठरवायची सोय. ते फर्मवेअर टाकलंय का हे घेताना बघाच. मर्यादाही सांगतो. फाइल ४ जीबीला थांबते, म्हणजे साधारण १२ मिनिटं. पूर्ण मंगलाष्टकं एका दमात घ्यायची तर नजर घड्याळावर हवी. रेकॉर्डिंग चालू असताना सतत ऑटोफोकस होत नाही, फोकस हातानेच धरावा. आणि बारीक चौकड्याच्या साडीवर रंगीत लाटा नाचतात, त्यावर कॅमेऱ्यात इलाज नाही. जरा मागे सरा किंवा फोकस किंचित सैल करा.

फ्लॅशचं काम मात्र डी७००कडे सरस आहे. त्याच्या डोक्यावरचा छोटा फ्लॅश दूरच्या निकॉन फ्लॅशना हुकूम देतो, वेगळा ट्रिगर लागत नाही. फ्लॅश आणि शटरचा मेळही (सिंक) सेकंदाच्या २५०व्या भागापर्यंत बसतो, कॅननचा २००व्यापर्यंत. मार्क २ला फ्लॅशच नाही, त्यामुळे अंधारात फोकसला मदत करणारा दिवाही नाही. डी७००ला तो बॉडीतच आहे. हॉलमध्ये जनरेटर बंद पडल्यावर याची आठवण येते.

पडदा_वर:

व्हिडिओचं नाव काढलं नाही कारण व्हिडिओसाठी आज पंधरा वर्षांहून जुना डीएसएलआर घेणं मला पटत नाही. खिशातला मोबाइल ४के देतो, रेकॉर्डिंग चालू असताना फोकसही करतो. मार्क २च्या व्हिडिओचं कौतुक २००९ला योग्य होतं, तेव्हा त्याने छोट्या चित्रपटवाल्यांना मोठा सेन्सर हातात दिला. आज जुना कॅमेरा घ्यायचा तो फोटोसाठी.

एका कार्डाचा मुद्दा बिनतोड. पण मला कुणी मुलीचे बाप विचारायला येत नाहीत.

नवा_गडी:

सगळं वाचून डोकं गरगरतंय. माझी गरज सांगतो: गावच्या कबड्डीच्या मॅचेस, त्या संध्याकाळी हॅलोजनखाली होतात. अधूनमधून घरचे फोटो. लेन्स एकही नाही, कोऱ्या पाटीने सुरुवात. आणि जुना घेताना तपासायचं काय?

पडदा_वर:

कबड्डी म्हटल्यावर प्रश्न मिटला. डी७००, ८५ १.८डी, शटर ५००वा भाग, आयएसओ ३२०० किंवा ६४००. चढाई करणारा रेषेवरून परत उडी मारतो तो क्षण मार्क २च्या बाजूच्या बिंदूंवर पकडून दाखवा.

घाटवाट:

कबड्डीला डी७००, यावर वाद घालत नाही. पण लेन्स नव्याने घेणार असशील तर पुढचंही बघ. कॅननच्या ईएफ लेन्स उद्याच्या मिररलेस (आरसा नसलेल्या) बॉडीवर अॅडॉप्टर लावून ऑटोफोकससकट चालतात. निकॉनच्या मिररलेससाठीच्या एफटीझेड अॅडॉप्टरमध्ये मोटर नाही, त्यामुळे वर सुचवलेल्या त्या "स्वस्त, दणकट" डी लेन्स तिथे हातानेच फिरवाव्या लागतील. घ्यायच्याच तर लेन्समध्येच मोटर असलेल्या एएफ-एस घे, ८५ १.८जी. बॅटरीचंही तसंच. मार्क २ची एलपी-ई६ त्याच आकारात कॅननच्या मिररलेस आर५, आर६पर्यंत चालत आली. डी७००ची ईएन-ईएल३ई निकॉनने केव्हाच सोडून दिली, आता बहुतेक दुसऱ्या कंपन्यांच्या नकला मिळतात.

मांडवातला:

तपासायचं ते सांगतो. मुंबईत बोरा बाजारात घे नाहीतर ओळखीतून घे, स्वतःचं सीएफ कार्ड आणि लॅपटॉप घेऊन जा. आधी कार्डाच्या खाचात टॉर्च मारून बघ, आतल्या बारीक पिना सरळ आहेत का. एक वाकली तरी नको म्हण. डी७००चा एक फोटो काढून लॅपटॉपवर उघड, शटर किती वेळा पडलंय ते फाइलच्या माहितीतच लिहिलेलं असतं. मार्क २मध्ये ते फाइलमध्ये नसतं, केबल लावून वेगळ्या सॉफ्टवेअरने वाचावं लागतं. दोन्हींच्या शटरची कंपनीने सांगितलेली मजल दीड लाखाची. त्यापुढेही कितीतरी चालतात, फक्त भाव त्या हिशेबाने कर.

पकडीचं रबर सुटलंय का बघ, जुन्या डी७००ना हे होतं. चिकटवता येतं, त्यासाठी सौदा मोडू नकोस. लेन्स मात्र उजेडासमोर धरून आरपार बघ. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्समध्ये बुरशीचे धागे धरतात. विक्रेता "ती धूळ आहे" म्हणेल. धूळ फांद्या फुटल्यासारखी पसरत नाही.

चित्रबलाक:

आणि ग्रिपसकट मिळत असेल तर कबड्डीला ८ फ्रेमचा उपयोग आहे. फक्त विचार, मोठ्या बॅटरीचं झाकण बरोबर आहे का. ते बीएल-३ झाकण वेगळं येतं, आणि ते नसेल तर ईएन-ईएल४ए बसत नाही. मग आठ सेलवर भागव.