जनुकांविषयी लिहिताना: संकेत, आराखडा, कात्री, अडगळ

मसुदा
जनुकशास्त्रावरच्या मराठी लेखांत ‘जनुकीय संकेत’, ‘शरीराचा आराखडा’, ‘जनुकीय कात्री’, ‘डीएनएतला कचरा’ हे शब्द हटकून येतात. एका मसुद्यातले वाक्य असे आहे: ‘शास्त्रज्ञांनी रुग्णाचा जनुकीय संकेत वाचला आणि आराखड्यातली चूक कात्रीने दुरुस्त केली.’ यातले काय ठेवावे, काय काढावे?

तक्ता६४
‘संकेत वाचला’ इथूनच सुरुवात करा. अमिनो आम्ले म्हणजे प्रथिनाच्या साखळीतले दुवे. कोणती तीन अक्षरे कोणत्या अमिनो आम्लासाठी, हे सांगणारा तक्ता म्हणजे संकेत. डीएनएच्या चार अक्षरांच्या तीन-तीनच्या जुळण्या ६४. त्यांतल्या ६१ जुळण्या २० अमिनो आम्लांत वाटलेल्या, उरलेल्या ३ म्हणजे पूर्णविराम. १९६१ मध्ये निरेनबर्ग आणि मथाई यांनी नुसत्या ‘यू’ अक्षराच्या आरएनएपासून (पेशीत डीएनएवरून उतरवला जाणारा रेणू) फेनिलॲलनिन या अमिनो आम्लाची साखळी मिळवली आणि तक्त्यातले पहिले घर भरले.

हा तक्ता रुग्णाचा, त्याच्या डॉक्टरचा आणि आतड्यातल्या जिवाणूचा जवळजवळ एकच असतो. फरक अगदी थोडे: आपल्या तंतुकणिकांत (पेशीतले ऊर्जा पुरवणारे भाग) ‘यूजीए’ हा पूर्णविराम नसून ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाची खूण आहे. माणसागणिक बदलतो तो अक्षरांचा क्रम. म्हणून ‘जनुकाचा क्रम वाचला’ असेच लिहायला हवे. ही चूक वृत्तपत्रांत इतकी रुळली आहे की ती चूक वाटेनाशी झाली आहे.

प्रथिनघडी
सहमत. लिपीचे रूपक मात्र टाकू नका, ते फार उपयोगाचे आहे. बालबोध वाक्य घ्या: ‘मदन सरळ सडक पकड’. सगळे शब्द तीन अक्षरी, आणि वाचणारा मोकळी जागा न बघता तीन-तीन अक्षरे उचलतो असे धरा. आता ‘सरळ’मधला ‘र’ गाळा: ‘मदन सळस डकप कड’. तिथून पुढचे सगळेच बिघडले. एक अक्षर गळणे हे एक अक्षर बदलण्याहून बहुधा जास्त घातक का, ते एवढ्यात कळते.

पण रूपक कुठे थांबते तेही सांगायला हवे. ‘सरळ’ हा अख्खा शब्द गाळला तर ‘मदन सडक पकड’ उरते, अर्थ लागतो. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारातला सर्वांत जास्त आढळणारा दोष नेमका असाच आहे: तीन अक्षरे गळतात, १,४८० अमिनो आम्लांच्या प्रथिनातले ५०८ वे फेनिलॲलनिन जाते, बाकी मजकूर जसाच्या तसा. तरीही प्रथिनाची घडी नीट बसत नाही. पेशी ते पृष्ठभागावर पोचण्याआधीच नष्ट करते. प्रथिनाचे काम त्याच्या आकारावर चालते आणि वाक्याला आकार नसतो. लिपीचे रूपक इथे सोडून द्यावे.

शब्दकण
‘प्रतिलेखन’ आणि ‘भाषांतर’ ही जोडी मला चोख वाटते. डीएनएवरून आरएनए होताना लिपी तीच राहते, फक्त ‘टी’च्या जागी ‘यू’ येतो. आरएनएवरून प्रथिन होताना लिपीच बदलते. फक्त ‘रायबोसोम (पेशीतले प्रथिने बांधणारे यंत्र) भाषांतर करतो’ लिहिताना सांभाळा. अमिनो आम्ल रायबोसोमपर्यंत नेणाऱ्या योग्य वाहक आरएनएला ते जोडणारी विकरे (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने) वेगळी असतात आणि शब्दकोश त्यांच्याकडे असतो. तिथे चुकीचे आम्ल जोडले गेले तर रायबोसोम ते निमूटपणे साखळीत घालतो.

तक्ता६४
‘आराखडा’ काढाच. आराखड्यात खिडकीची रेघ दाखवता येते. जनुकसंचात नाकाची जागा दाखवता येत नाही. ‘पाककृती’ त्यापेक्षा बरी, कारण तिच्यात क्रम, प्रमाण आणि आच येते. सयामी मांजराच्या अंगभर एकच जनुकसंच असतो, पण रंगद्रव्य बनवणारे त्याचे विकर उष्णतेने निकामी होते. म्हणून कान, पंजे, शेपटी हे थंड भाग काळसर आणि धड फिकट. मात्र पाककृतीला आचारी लागतो, पेशीत तो वेगळा नसतो. लेख छोटा असेल तर ‘जनुकांतली माहिती’ एवढे पुरते.

मसुदा
आणि ‘कचरा’?

शब्दकण
‘अडगळ’ म्हणा. १९७२ मध्ये जनुकशास्त्रज्ञ सुसुमु ओनो यांनी वापरलेल्या ‘जंक’ या मूळ शब्दाचा अर्थ तोच आहे, आणि जीवशास्त्रज्ञ सिडनी ब्रेनर यांनीही हा भेद आवर्जून केला होता: कचरा टाकून देतात, अडगळ ठेवून देतात. प्रथिनांचा मजकूर सुमारे ३ अब्ज अक्षरांपैकी दोन टक्क्यांहून कमी आहे, पण उरलेले सगळे अडगळ नव्हे. मोठेपणी दूध पचेल की नाही हे बऱ्याच लोकांत ज्या एका अक्षरावर ठरते, ते लॅक्टेज या दुधातली साखर पचवणाऱ्या विकराच्या जनुकापासून सुमारे १४,००० अक्षरे दूर, शेजारच्या जनुकाच्या पोटात आहे.

प्रथिनघडी
‘कात्री’ ठेवा, पण तिच्याकडून दुरुस्तीचे काम करवून घेऊ नका. कॅस-९ ही कात्री, म्हणजे डीएनए कापणारे विकर, सोबतच्या आरएनएतल्या साधारण २० अक्षरांशी जुळणारी जागा शोधते, शेजारी ‘जीजी’ असल्याची खूण बघते आणि डीएनएचे दोन्ही धागे कापते. तिचे काम इथे संपते. तुटलेली टोके पेशी घाईने जोडते, त्यात दोन-चार अक्षरे जातात किंवा वाढतात. जनुक बंद पाडायचे असेल तर हेच हवे असते. नेमका बदल हवा असेल तर बरोबर क्रमाचा नमुना सोबत द्यावा लागतो. २०१६ पासूनच्या अक्षरबदल पद्धतीत तर दोन्ही धागे तोडतच नाहीत. तिला ‘कात्री’ म्हणणे साफ चूक.

मसुदा
या मसुद्यातली पद्धत कापण्याचीच आहे. मग असे: ‘रुग्णाच्या जनुकाचा क्रम वाचल्यावर एक अक्षर बदललेले आढळले. त्या जागी डीएनए कापून, बरोबर क्रमाचा नमुना पुरवून, पेशींच्या दुरुस्तीयंत्रणेकडून ते बदलून घेतले.’

प्रथिनघडी
‘काही पेशींत बदलून घेतले’ करा. नमुना दिला तरी सगळ्या पेशी तो वापरत नाहीत. किती टक्के पेशींत बदल झाला तो आकडा मूळ शोधनिबंधात पाहा आणि याच वाक्यात घाला.