मदत हवी आहे: गरम टू-स्ट्रोक एटीव्हीचा आरपीएम थ्रॉटल सोडूनही उतरत नाही

माझ्या एटीव्हीचे (कच्च्या रस्त्यावरची छोटी गाडी) 200 सीसीचे एअर-कूल्ड टू-स्ट्रोक इंजिन थंड असताना नीट चालते. मात्र गरम झाल्यावर थ्रॉटल पूर्ण सोडला तरी आरपीएम चढलेलाच राहतो आणि स्पार्क प्लगचे टोक पांढरट पडते, म्हणजे इंधनाच्या मानाने हवा जास्त जात असावी. पायलट जेट (कार्ब्युरेटरमधील कमी आरपीएमचे इंधन सोडणारे बारीक छिद्र) साफ केला, केबलचा प्ले तपासला, इनटेकचे रबर बदलले. फरक पडला नाही. इनटेक व एक्झॉस्ट बंद करून 6 पीएसआय दाब दिला असता तो लगेच उतरतो, पण साबणाच्या पाण्याचे बुडबुडे सिलिंडरच्या बुडाशी किंवा रीड केजभोवती (इनटेकच्या पातळ झडपांची चौकट) कुठेच दिसत नाहीत. धूर वाढलेला नाही, गिअर ऑइलही कमी होत नाही, म्हणून क्लचकडील सीलपेक्षा मॅग्नेटोकडील (ठिणगीसाठी वीज बनवणाऱ्या भागाकडील) क्रँक सीलवर, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीच्या रबरी सीलवर, माझा संशय अधिक आहे. मोठा जेट टाकून, म्हणजे इंधन वाढवून, हा दोष झाकणे मला योग्य वाटत नाही. या सीलपुढचे फ्लायव्हील ओढून काढण्याचा पुलर माझ्याकडे आहे. क्रँककेस न उघडता हा सील बाहेरून बदलता येतो का, आणि शाफ्टवर ओरखडा न येता जुना सील कसा काढावा?