बाबांचं बोट फोनला कळत नाही, मदत हवी आहे

मंडळी,

बाबांनी आयुष्यभर सुतारकाम केलं. बोटांची टोकं इतकी राठ झालीत की कागदावर घासली तर पॉलिशपेपरसारखी खरखरतात. त्यांना नवा फोन घेऊन दिला, पण तो त्यांना दादच देत नाही. रिंग वाजते, ते हिरवं बटण सरकवतात, काही होत नाही. आणखी जोर लावतात, तोवर रिंग बंद. मग बोलणी मला. तोच फोन माझ्या हातात मुकाट चालतो.

गंमत म्हणजे आईच्या जुन्या भरतकामाच्या मशीनचा टचस्क्रीन बाबांचं सगळं ऐकतो. बोट, नख, पेन्सिलीचं मागचं टोक, काहीही चालतं. त्याचं दुखणं वेगळंच: हल्ली जिथे दाबू तिथून बोटभर डावीकडे उमटतं.

फोन पुसून, बंद-चालू करून झाला. दुरुस्तीवाला म्हणतो स्क्रीन बदला. खरंच बदलावा लागेल का? आणि एक स्क्रीन ऐकतो, दुसरा नाही, असं का?

सोल्डरगन:
स्क्रीन बदलू नका, तो ठणठणीत आहे. दोन्ही स्क्रीनची जातच वेगळी.

मशीनचा रेझिस्टिव्ह. वर लवचिक प्लास्टिकचा पापुद्रा, खाली काच, दोघांच्या आतल्या बाजूंना वीज वाहून नेणारा पारदर्शक थर आणि मध्ये डोळ्याला जेमतेम दिसणारे ठिपके, दोन्ही थर एरवी चिकटू नयेत म्हणून. दाबलं की थर टेकतात. समजा एका थराच्या डाव्या कडेला ० आणि उजव्या कडेला ५ व्होल्ट दिलेत आणि टेकलेल्या जागी दुसऱ्या थराने २ व्होल्ट मोजले, तर बोट डावीकडून ४० टक्के अंतरावर आहे. मग थरांची कामं उलटवून वर-खालचं मोजायचं. दाब कोणाचा, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तुमचं फक्त डावीकडे सरकतंय ना? सेटिंगमध्ये कॅलिब्रेशन (स्पर्शाची जागा पुन्हा जुळवून घेणं) शोधा आणि फुल्या येतील त्यांवर बारीक पण बोथट टोकाच्या काडीने नेमकं दाबा.

फोनचा कॅपॅसिटिव्ह. काचेखाली आडव्या-उभ्या तारांची अदृश्य जाळी असते. आडव्या तारेला सिग्नल द्यायचा, उभीवर किती पोचला ते मोजायचं. बोट जवळ आलं की त्यातला थोडा भाग शरीराकडे वळतो. हा फरक एका पिकोफॅरडच्याही (विद्युतभार साठवण्याची क्षमता मोजायचं अगदी छोटं एकक) अंशाएवढा असतो. बाबांच्या बोटाच्या टोकाला कोरड्या, जाड कातडीचं कवच आहे, म्हणजे कायमचा हातमोजाच. जोर लावून फायदा नाही, कारण हा स्क्रीन दाब मोजतच नाही.

उपाय: बोट टोकावर उभं न धरता आडवं करून पेराचा मऊ भाग टेकवायला सांगा. बोट किंचित दमट असू दे, पण काचेवर पाण्याचे थेंब नकोत, त्यांनी स्क्रीन गोंधळतो. जाड स्क्रीनगार्ड असेल तर काढा. सेटिंगमध्ये टच सेन्सिटिव्हिटी किंवा ग्लोव्ह मोड दिसला तर चालू करा.

दुपारची डुलकी:
+१. त्याशिवाय रबरी टोकाचा स्टायलस (स्क्रीनवर टेकवायचं पेन), धातूच्या दांड्याचा. मुठीत धरला की हाताचा बराच भाग दांड्याला टेकतो, त्यामुळे टोकाची राठ कातडी आड येत नाही. साधी प्लास्टिकची काडी चालणार नाही.

अवांतर: कॅपॅसिटिव्ह म्हणजे स्मार्टफोनसोबत आलेलं नवं खूळ, असं बऱ्याच जणांना वाटतं. इंग्लंडमधल्या माल्व्हर्नच्या रडार संस्थेतल्या ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्येच त्यावर लेख लिहिला होता, विमान वाहतूक नियंत्रणाचा उपयोग डोळ्यांसमोर ठेवून.

धागाकर्ता:
दोघांचे आभार. मशीनचं काम झालं, चारही फुल्या दाबल्यावर बोटभरचा फरक गेला. फोनचा गार्ड काढला, सेन्सिटिव्हिटी वाढवली. आडवं बोट बाबांना आधी पटेना ("असं काय लाडात येऊन दाबायचं?"), पण काल तीनपैकी दोन फोन त्यांनी स्वतः उचलले. स्टायलस मागवलाय.

फिंगरप्रिंट मात्र काही केल्या घेत नाही. बहुतेक रेषाच झिजल्यात. त्यासाठी वेगळा धागा काढू की इथेच विचारू?