सगळं सुरळीत आहे, तरी मन का उतरलंय?

जमाखर्च
नमस्कार. धागा काढू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं.

नोकरी आहे, घरात भांडण नाही, तब्येतीची मोठी तक्रार नाही. तरी गेले काही महिने मन उतरलेलंच आहे. रडू येतं असंही नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. परवा धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. एक मोजा हातात, त्याचा जोडीदार समोर पलंगावर. तो उचलायचा कशाला, हेच कळेना. नवरा येऊन दिवा लावेपर्यंत तशीच बसून होते. "काय झालं?" त्याने विचारलं. म्हटलं, काही नाही. आणि खरंच काही झालेलं नव्हतं.

मी हिशेब तपासणीचं काम करते. ताळा जुळला नाही तर चूक कुठेतरी असतेच आणि चिकाटी धरली की सापडते, ही अंगवळणी पडलेली सवय. म्हणून रात्री वहीत संभाव्य कारणं लिहिते: सुटलेलं गाणं, दुरावलेली मैत्रीण, वाढतं वय. रात्री प्रत्येक कारण पटतं, सकाळी फोल वाटतं. कारणच नसेल तर इलाज कशावर करायचा? आणि ज्यांच्यावर खरोखर डोंगर कोसळलेत, त्यांच्यासमोर याला दुःख म्हणायचीही लाज वाटते.

मुक्त_पाखरू
रिकामा वेळ फार झालाय, दुसरं काय. चार लोकांत मिसळा, सकारात्मक विचार करा. सगळं ठीक होईल.

अर्धविराम
ताई, वरच्या प्रतिसादाकडे सरळ दुर्लक्ष करा.

माझं थायरॉइड निघालं होतं. सारखी झोप, थंडी सोसेना, कशात रस नाही. घरचे म्हणायचे, हिचा स्वभावच बदलला. रक्त तपासलं तेव्हा उलगडा झाला. गोळी सुरू झाल्यावर हळूहळू माणसात आले. तुमचंही तेच असेल असं नाही, पण मनाचा तळ ढवळण्याआधी रक्त तपासून घ्या. थायरॉइड, हिमोग्लोबिन, निदान एवढं तरी.

रात्रपाळी
जमाखर्चताई, मानसोपचार विभागात नर्स म्हणून बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे लांबण लागेल. सांभाळून घ्या.

"तसं काही झालेलं नाही हो..." आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांची सुरुवात अशीच होते. सोबतचे नातेवाईक खोदून खोदून विचारत असतात, कशामुळे, कुणामुळे. डॉक्टर मात्र आधी भलतंच विचारतात: झोप कशी आहे, पहाटे जाग येते का, भूक लागते का, वाचलेलं डोक्यात राहतं का, पूर्वी आवडायचं ते अजून आवडतं का. एके काळी नैराश्याचे दोन कप्पे करायचे, आतून आलेलं आणि बाहेरच्या घटनेमुळे आलेलं. १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेची निदानपुस्तिका नव्याने निघाली, तेव्हा हे कप्पे मागे पडले. लक्षणं कोणती आणि किती काळ टिकलीत, यावर निदान होऊ लागलं. कारण दाखवा, मगच दुःख मान्य करू, असा नियम वैद्यकशास्त्रात नाही. तुम्ही तो स्वतःला का लावताय? दुसऱ्याचा पाय मोडला म्हणून आपली दाढ दुखायची थांबत नाही.

एखाद-दोन दिवस मन उदास असणं हा आजार नव्हे. पण दोन आठवड्यांच्या वर, बहुतेक रोज, आणि रोजची कामं अडायला लागली, तर दाखवायला हवं. पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली असते. मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा जास्त आली तर डॉक्टरांना भेटावं असा संकेत आहे. ते निदान नाही, नुसती चाळणी. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे शून्याशिवाय काहीही आलं, तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी बोलायचं. नवऱ्याशी, डॉक्टरांशी, हेल्पलाइनवर, जिथे जमेल तिथे.

आता तुमची वही. रागावू नका, पण ती बंद करा. सूझन नोलेन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी नव्वदच्या दशकात हेच मांडलं होतं: उदास असताना "मला असं का होतंय" हे घोळवत बसलं की उदासी लांबते. उतरलेल्या मनाला आठवतंही तसलंच, त्यामुळे तुमच्या यादीत रोज भर पडत राहणार.

त्याऐवजी, मनात येईल तेव्हा करू, असं म्हणत थांबू नका. या अवस्थेत इच्छा आधी येत नाही. आधी काम, इच्छा मागून, आली तर. उपचारातही हे वापरतात. ठरलेल्या वेळी दुसरा मोजा उचलायचा, एवढंच. घड्या नाही झाल्या तरी चालेल. मग कसं वाटलं ते एका शब्दात लिहा. "काहीच नाही" असं वाटलं तर तेच लिहा.

(मुक्त_पाखरू, तुम्ही चांगल्या मनानेच लिहिलंत. पण "सकारात्मक विचार करा" ऐकून भिंतीकडे तोंड फिरवणारे खूप पाहिलेत.)

जमाखर्च
सगळ्यांचे आभार. तुम्ही झोपेचं विचारलंत म्हणून लक्षात आलं, पहाटेच जाग येते आणि मग डोळा लागत नाही. सकाळ सगळ्यात जड, संध्याकाळी त्यातल्या त्यात बरं. मी हे सगळं कामाच्या ताणात धरत होते. रक्त तपासून घेते. पण डॉक्टरांसमोर सुरुवात काय करू? उदास वाटतं म्हटलं की ते विचारणार, कशामुळे. मी परत गप्प.

रात्रपाळी
इथे लिहिलंत तेच सांगा. "कारण माहीत नाही, पण इतके महिने असं आहे." आणि मोज्याचं सांगा, नुसत्या "उदास" शब्दापेक्षा त्यातून त्यांना जास्त कळेल. पहाटेची जाग आणि जड सकाळ विसरू नका, ते त्यांच्या फार कामाचं आहे. चालू असलेली औषधंही दाखवा, स्टिरॉइडसारखी काही औषधं मनावर परिणाम करतात. गोळ्या दिल्याच तर फरक जाणवायला काही आठवडे जातात. मधेच आपल्या मनाने बंद करू नका. आणि नवऱ्याला सोबत न्या. त्याला जे दिसतं ते तुम्हाला दिसत नसेल.

अर्धविराम
बी-१२ पण त्याच वेळी तपासायला सांगा, म्हणजे पुन्हा सुई टोचून घ्यायला नको.